कोरडे तांदूळ

तुमच्या घरात माझ्या नावाने एक थट्टा चालते, ती मला ठाऊक आहे. कोणी घाईचे काही विचारले की मी पाणी मागते, पेलाभर पिते आणि म्हणते, "उद्या सांगते." धाकट्याने मागच्या पत्रात लिहिले आहे की त्याच्या कामात 'उद्या' चालत नाही, जागच्या जागी ठरवावे लागते. छाती धडधडू लागली की आपले डोके अधिक साफ चालते, असे त्याला वाटते. मलाही एका सकाळी तसेच वाटले होते. म्हणून हे लिहिते आहे. वाक्ये लहान ठेवली आहेत, म्हणजे ज्याला मराठी अडखळत वाचावी लागते त्यालाही जमेल.

माझे माहेर धारचे. वडील दरबारच्या कचेरीत कारकून होते, आणि मुलीला इंग्रजी यावे हा त्यांचा एकच हट्ट होता. त्यासाठी ते मला मिशनच्या मडमेकडे पाठवत आणि परत आल्यावर आई मला आंघोळ घालून मगच घरात घेई. मडमेजवळ शरीराविषयी एक लहान इंग्रजी पुस्तक होते. त्यात पोटाचे, काळजाचे, जिभेचे चित्र होते. एकदा तिने आम्हा चार मुलींना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाली, "आता समजा, मी लिंबू चिरते आहे." चौघींच्या तोंडाला पाणी सुटले. आम्ही हसलो. मग तिने पुढची ओळ वाचून दाखवली: भीती वाटली की याच्या उलट होते, तोंड कोरडे पडते. तेराव्या वर्षी देवासला सासरी आले तेव्हा माझ्याबरोबर दोन ट्रंका होत्या, एक इंग्रजी क्रमिक पुस्तक होते आणि ही ओळ होती.

देवास तेव्हा दोन राज्यांत वाटलेले होते. थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन कचेऱ्या, आणि मधून रस्ता. आमचे घर थोरल्या पातीत. समोरच्या ओळीतली बाई दारात उभी राहून शिंकली तरी ऐकू येई, पण ती दुसऱ्या राज्यातली.

घरात सासरे होते, ते कचेरीत असत. सासूबाई वारल्या होत्या. तुमचे आजोबा इंदूरला शिकत होते. घर चालवी ती सासऱ्यांची थोरली बहीण. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या कधी ओरडत नसत. हळू बोलत, आणि बोलताना दुसऱ्या कोणाकडे तरी बघत. मी भात टाकायला बसले की त्या स्वयंपाकीणबाईंना म्हणत, "थांबा हो, पाणी किती घालायचं ते सूनबाई पुस्तकात बघून सांगतील." स्वयंपाकीणबाईंना कमी ऐकू येई. त्या आपल्या सगळ्यालाच मान हलवीत. शिवाय माझी नणंद होती, पंधरा वर्षांची, बाळंतपणासाठी नाही, संक्रांतीसाठी माहेरी आलेली.

आणि एक कामवाली होती. तिचे घराणे फार मागे सरदारांबरोबर दक्षिणेतून आलेले मराठ्यांचे. नवरा थोरल्या पातीच्या पागेत घोड्यांची मालीश करी. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. सबंध घरात माझ्याशी सरळ बोलणारी ती एकटी. मी माहेरून मांडवगडची चिंच लपवून आणली होती. ती आपल्या चिंचेसारखी नसते. दुधीएवढे मखमली फळ, फोडले की आत बियांवर पांढरा, खडूसारखा गर. चोखला की कानशिलापर्यंत आंबट जातो. नव्या सुनेने असले काही खाणे म्हणजे चर्चेला विषय. म्हणून आम्ही दोघी न्हाणीघरामागे उभ्या राहून खात असू.

"बाप रे, काय खट्टं आहे हो वैनीबाई," ती डोळे मिचकावून म्हणे. "तुमच्या धारला सगळंच असं का?"

"सगळंच."

"मग तुम्हीच तेवढ्या गोड कशा निघाल्या?"

खाऊन झाले की गराचा पांढरा भुगा ओठांवर राही. ती आपल्या ओठाला बोट लावून दाखवी, मी पुसून टाकी. हे लक्षात ठेवा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नणंद रस्त्यापलीकडच्या घरी जायला निघाली. तिने डबीतून मोत्यांच्या बुगड्या काढल्या. एका बुगडीची फिरकी बसत नव्हती, ती तिने माझ्याकडून बसवून घेतली. आत्याबाई समोर उभ्या होत्या आणि माझ्या बोटांकडे बघत होत्या. "लेखणी धरायची बोटं ती," त्या नणंदेला म्हणाल्या. माझे तळवे ओले झाले. फिरकी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली असे मी म्हटले.

नणंद गेली, थंडी होती म्हणून येताना त्या घरच्या बाईंची लोकरी शाल पांघरून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामवाली ती शाल घडी घालून परत देऊन आली. तिसऱ्या दिवशी डबी उघडली तर आत एकच बुगडी.

नणंदेला विचारले तेव्हा ती म्हणाली, "दोन्ही डबीतच ठेवल्या होत्या." रात्री अंधारात काढून ठेवताना तिने तसे काही पाहिले नव्हते. हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितले. आत्याबाईंनी विचारले तेव्हा भीतीपोटी जे वाक्य पहिले सापडले ते तिने उच्चारले. एकदा उच्चारल्यावर ते तिलाही खरे वाटू लागले. आणि डबीत ठेवली होती म्हटल्यावर ती कोणीतरी काढली असणार, हे उघडच झाले.

पोलिसात जायचा प्रश्न नव्हता. ज्या कचेरीत सासरे बसत तिथेच आपल्या घरातली चोरी कशी नेणार? आत्याबाई म्हणाल्या, "घरातलं घरात बघू. उद्या पूजा झाली की तांदूळ देते."

तुम्हाला हे ठाऊक नसणार. जुन्या घरांत चोराचा तपास असा करीत. देवाच्या स्नानाच्या पाण्यात तांदूळ भिजवायचे, वाळवायचे, आणि ज्यांच्यावर संशय त्या सगळ्यांना एकेक मूठ कोरडीच चावायला द्यायची. मग पळसाच्या पानावर थुंकायचे. ज्याचे तांदूळ ओले पडले तो निर्दोष. ज्याच्या तोंडातून कोरडे पीठ निघाले तो चोर. देव बोलत नाही, तो तोंडातले पाणी काढून घेतो, असे आत्याबाई सांगत.

मी मात्र त्याच क्षणी मडमेच्या पुस्तकातल्या ओळीवर गेले. म्हणजे यात देव नाही, भीती आहे. जी घाबरेल ती चोर ठरेल. सबंध घरात हे फक्त मला कळत होते. मी ते सांगू शकत होते. सासरे इंग्रजी जाणणारे होते, त्यांनी निदान ऐकून घेतले असते. पण मला पहिला विचार आला तो एवढाच की सर्वांत जास्त मी घाबरले आहे. फिरकी मी बसवली होती. सून चोर निघाली तर तिला धारला परत पोचवतील, आणि मग वडील कचेरीत कोणत्या तोंडाने जातील. दुसरा विचार आला तो चिंचेचा. तिसरा विचार आलाच नाही. भीतीत विचारांची रांग फार आखूड असते.

सकाळी पूजा झाली. ओसरीवर पळसाची तीन पाने मांडली होती. जिची वस्तू ती सोडून तिघी: स्वयंपाकीणबाई, मी आणि कामवाली. ती खाली पायरीवर उभी होती आणि ती अजिबात घाबरलेली नव्हती. हे मला ठामपणे लिहायचे आहे. ती आत्याबाईंना म्हणाली, "बाईसाहेब, मला दोन मुठी द्या. कांडताना येता-जाता तोंडात टाकते मी, दातांना आदत आहे."

"आज नुसतं तोंडात टाकून भागणार नाही गं," आत्याबाई तुळशीकडे बघत म्हणाल्या. "आज बाहेरही काढायचेत."

मी गालात मांडवगडच्या चिंचेची एक बी धरली होती, गरासकट. दुसरी डाव्या मुठीत होती.

आधी स्वयंपाकीणबाई. त्या जेवायला बसल्यासारख्या सावकाश चावत राहिल्या आणि त्यांनी ओला लगदा पानावर काढला. त्यांना विधवा होऊन तीस वर्षे झाली होती. त्यांचे जे घ्यायचे ते आधीच घेऊन झाले होते. त्यांना कोण भिववणार?

मग मी. हात गार पडले होते, कानांत घोंघावत होते, समोरचे पान सोडून बाकी सगळे दूर गेल्यासारखे दिसत होते. पण मी बी जिभेखाली दाबली, आंबट पसरले आणि तोंड भरून आले. मी चावले. बी गालात राखून थुंकले. आत्याबाई वाकून बघत म्हणाल्या, "बरं."

मी सुटले होते. मुठीत एक बी शिल्लक होती. माझ्यापासून हातभर अंतरावर ती उभी होती. तांदूळ तिच्या हातावर पडायला अजून अवकाश होता. मी मान वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती. माझ्या डोळ्यांकडे नव्हे, तोंडाकडे. आणि तिने हळूच आपले बोट ओठाला लावले.

मला वाटले, हिने ओळखले. माझ्या तोंडात काय आहे हे या घरात हिलाच ठाऊक आहे. ही आता सांगणार.

तेव्हाच ते घडले ज्याला धाकटा डोके साफ चालणे म्हणतो. कानांतले घोंघावणे थांबले. काय करायचे ते मला लख्ख दिसले. मी अगदी शांत आवाजात म्हणाले, "आत्याबाई, परवा दुपारी माजघर झाडायला हीच होती. डबीजवळ."

यात खोटे एक अक्षर नव्हते. ती रोजच झाडत असे.

तिचे बोट ओठावरच राहिले. तोंडावरचे हसू मात्र गेले. आत्याबाईंनी तांदूळ तिच्या तळहातावर ठेवले. तिने ते तोंडात घातले आणि चावू लागली, आणि चावताना माझ्याकडे बघत राहिली. दातांखाली वाळू करकरावी तसा आवाज येत होता. पानावर पांढरे पीठ पडले. वाऱ्याने त्यातले थोडे उडाले.

एक वाक्य आधी तिला तांदूळ दिले असते, तर ते पीठ निघाले नसते.

"उचल ते," आत्याबाई म्हणाल्या. "देवाचे तांदूळ आहेत, टाकायचे नाहीत. गीळ."

तिने पान तोंडाला लावले. पीठ घशात बसले, ती खोकू लागली, डोळ्यांना पाणी आले. तोंडाला मात्र आले नाही. माझ्या पायाशी तांब्या होता, भरलेला. मी तो बघत होते. मला वाकता येत नव्हते. पाय, कंबर, हात, सगळे कोणी दुसऱ्याच्या मालकीचे झाले होते. फक्त डावी मूठ माझी होती, आणि ती घट्ट मिटलेली होती.

"मी नाही घेतली," ती खोकत म्हणाली. "वैनीबाई, सांगा ना."

मी तांब्याकडेच बघत राहिले.

तिला कोणी मारले नाही. आत्याबाईंना हात उगारणे आवडत नसे. त्या बाहेरची कामे करणाऱ्या जुन्या गड्याला म्हणाल्या, "हिला रस्त्यापलीकडे सोडून ये. आपल्या राज्यात नको." तो तिला भर सकाळी रस्ता ओलांडून घेऊन गेला. दोन्ही बाजूंच्या ओसऱ्यांवर बायका येऊन उभ्या राहिल्या. तिकडच्या राज्यात तिचे कोणी नव्हते, आणि इकडून ओकून टाकलेली बाई तिकडे कोण कामाला ठेवणार? ती बराच वेळ नालीच्या कडेला आमच्या दाराकडे तोंड करून बसली होती. पागेत बातमी पोचली. नवऱ्याला सांगण्यात आले की बायको किंवा नोकरी. त्याने नोकरी ठेवली आणि वर्षाच्या आत दुसरी केली. ती बागलीला मावशीकडे शेतात कामाला गेली, एवढे कानावर आले.

त्या दिवशी आत्याबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मला वाढले. "सूनबाई धीराच्या आहेत," त्या म्हणाल्या. "वेळेला तोंड उघडलं." त्या आठवड्यात मला लोणच्याच्या कोठीत एकटीने जायची परवानगी मिळाली. मला आनंद झाला होता. तोही लिहायलाच हवा.

आठव्या दिवशी रस्त्यापलीकडच्या बाई स्वतः आल्या. शाल ऊन दाखवायला काढली तर लोकरीत बुगडी अडकलेली. फिरकी नव्हती. बुगडी आत्याबाईंनी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि डबीत ठेवली.

सासरे संध्याकाळी म्हणाले, "त्या बाईला परत बोलावायला हवं."

"बोलाव," आत्याबाई म्हणाल्या. "म्हणजे आपलं चुकलं हे दोन्ही पातींत समजेल. आणि देवाने उगीच का दाखवलं? ही बुगडी नसेल, दुसरं काही घेतलं असेल तिने. ते आपल्याला अजून कळलं नाही, इतकंच."

सासरे चष्मा पुसत बसले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग म्हणाले, "बघू. उद्या बघू."

हा 'उद्या' मी त्यांच्याकडून उचलला. तुम्हाला तो माझा शहाणपणा वाटत आला आहे. तसा तो अर्धा आहेही. त्या सकाळनंतर तळवे ओले असताना मी कधी कोणाविषयी वाक्य बोलले नाही. पण उरलेला अर्धा काय होता ते ऐका. उद्या आत्याबाईंना सांगेन. उद्या तुमच्या आजोबांना सांगेन. उद्या बागलीला निरोप धाडेन. अशी अकरा वर्षे मी काढली. आत्याबाई गेल्या, घर माझ्या हाती आले, आता भ्यायला कोणी उरले नव्हते. तरी सांगायचे मनात आले की तोंड कोरडे पडे आणि मी पाणी पिऊन घेई. पाणी प्यायल्यावर बरे वाटे. बरे वाटले की सांगायची गरज उरत नसे.

अकरा वर्षांनी मी आणि तुमचे आजोबा धारला माझ्या माहेरी आलो होतो, तिथून नर्मदास्नानाला धरमपुरीला गेलो. घाटाच्या पायऱ्यांवर नारळ विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. एकीने नारळ पायरीवर आपटून फोडला, अर्धी वाटी देवासाठी ठेवली आणि दुसरीतले खोबरे खरवडून साखरेबरोबर माझ्या हातावर घातले. मी ते तोंडात टाकले तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांकडे नव्हे.

तिने बोट आपल्या ओठाला लावले.

"पुसा," ती म्हणाली. "भुगा लागलाय."

मी पुसले. बोटाला पांढरे लागले. मग मी तिला ओळखले. केस कपाळावर पिकले होते, आणि वरचे दोन दात नव्हते.

"तेव्हाही हेच सांगत होते," ती म्हणाली. "चिंचेचा भुगा होता ओठावर. म्हटलं, बाईसाहेबांना दिसेल, तर वैनीबाई मरतील."

तिचा आवाज रागाचा नव्हता. मापाने बोलत होती, जसे कोणी बाजारभाव सांगावा.

"मला वाटलं," मी म्हणाले, "तू सांगणार आहेस."

"माहीत आहे काय वाटलं ते. पीठ गिळताना समजलं मला." तिने दुसरा नारळ उचलून हलवून बघितला. "बुगडी सापडली म्हणे."

"सापडली. शालीत होती."

"ती शाल मीच नेऊन दिली होती, नाही का? घडी करताना काही टोचलं होतं बोटाला. म्हटलं, काटा असेल." ती जराशी हसली. "बघितलं असतं तर."

खालून तुमच्या आजोबांनी हाक मारली. पलीकडे जाणारी नाव भरत आली होती. ते नावाड्याला म्हणत होते, "ओ भिया, जरा थांब, एक सवारी बाकी आहे."

मला तिला सांगायचे होते. सगळे, क्रमाने: पुस्तकातली ओळ, गालातली बी, मुठीतली बी. आता कोणी ओसरीवर उभे नव्हते, पान मांडलेले नव्हते. तरी जीभ टाळूला चिकटली. तिने माझ्याकडे नीट बघितले आणि लोट्यातले पाणी पुढे केले.

"प्या," ती म्हणाली. "तुमचं तोंड सुकलंय."

मी प्यायले. सगळा लोटा प्यायले. आणि म्हणाले, "उद्या येते मी. सकाळी. मग बोलू."

तिने लोटा उपडा करून पायरीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या आजोबांना सांगितले की अंगात कसर आहे, आणि आम्ही धारला परत निघालो.